अस्सल मेंदी केस काळे करत नाही

आजीच्या केसांना मेंदी, नातीला शिकेकाई आणि साऱ्या घराला खोबरेल, ही आपली जुनी रीत. हा माल विकणारे आपल्यात पुष्कळ आहेत, म्हणून आम्ही हा विषय या पानावर घेत आहोत.

राजस्थानातील सोजतच्या मेंदीला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. मेंदीच्या पानातील लॉसोन हे द्रव्य तांबूस-नारिंगी रंग देते, काळा नव्हे. झटपट केस काळे करणाऱ्या 'काळ्या मेंदी'त बहुधा पीपीडी हे रसायन असते. काहींना त्याने टाळूला खाज सुटते, पुरळ उठते, चेहरा सुजतो.

दुकानदार बंधूंनी पुडीवरील घटक वाचूनच माल भरावा. रसायनाचा माल विकायचाच तर तसे सांगून विकावा, आणि ४८ तास आधी कानामागे थोडा लावून पाहण्यास सांगावे.

प्रवासाला निघालेल्यांना सुकी मेंदी घट्ट झाकणाच्या डब्यात द्यावी. भिजवलेली लवकर निकामी होते. खोबरेल सुमारे २४ अंशांखाली गोठते, तेव्हा थंड मुलखात जाणाऱ्यास रुंद तोंडाची बाटली बरी.

दोन पैसे कमी सुटले तरी चालेल; ज्या घरात चेहरा सुजला, ते गिऱ्हाईक पुन्हा दुकानाची पायरी चढत नाही.