वेणी घालणाऱ्या बाया इटलीला जातील?

कोल्हापुरीसारख्या चपला श्रेय न देता मांडल्यावरून ‘प्राडा’ या इटालियन फॅशन कंपनीशी पेटलेलं भांडण मिटलं. डिसेंबर २०२५मध्ये महाराष्ट्राच्या ‘लिडकॉम’ आणि कर्नाटकच्या ‘लिडकर’ या चर्मोद्योग महामंडळांशी प्राडाचा करार झाला. कोल्हापुरी चपलांचे दोन हजार जोड, एकेकाची किंमत सुमारे आठशे युरो! सगळी चर्चा त्या आकड्यापाशीच अडकली. करारात कारागिरांच्या प्रशिक्षणाचीही तरतूद आहे, काहींना थोडे दिवस प्राडाच्या इटलीतल्या अकादमीत जायची संधीही. खरी गोम तिथे आहे.

कोल्हापुरी आजवर शिकली गेली ती घरातच. ढोर समाज कातडं कमवायचा. कातड्याची पिशवी शिवून टांगायची आणि तिच्यात बाभळीची साल नि हिरड्याचं पाणी भरायचं. पाणी किती कडक हवं, हे बापाशेजारी उभं राहूनच कळायचं. चर्मकारांच्या घरात रापी आणि आरी पुरुषाकडे. वेणी मात्र बहुतेक बायांच्या हातची. चपलेकडे गिऱ्हाईक ओढलं जातं ते त्या वेणीमुळे, आणि दुकानात नाव लागतं मालकाचं. आईजवळ बसून चामड्याच्या बारीक पट्ट्या विणायला शिकलेली लेक लग्नानंतर ते कसब सासरी न्यायची. सोयरीक जातीतच, त्यामुळे हुन्नर गावोगाव पसरला तरी समाजाबाहेर गेला नाही.

म्हणजे या शाळेचा दाखला जातीवर मिळायचा. त्यामुळे ‘परंपरा लोप पावतेय’ असा गळा काढणाऱ्यांचा मला राग येतो. त्यांच्यापैकी कोणाच्या पोरानं रापी धरली होती? कारागिराचा मुलगा शिकून नोकरीला लागला, तर त्यात हळहळण्यासारखं काय आहे?

कोल्हापुरीला २०१९मध्ये मिळालेलं भौगोलिक मानांकन दोन राज्यांतल्या आठ जिल्ह्यांपुरतं नाव राखतं. हात राखत नाही. त्याआधीच, २०१५मध्ये, महाराष्ट्रातली गोहत्याबंदी बैलांनाही लागू झाली आणि बैलाचं कातडं दुर्मीळ झालं. चेन्नईहून तयार कातडं आणलं की चप्पल होते, पण कमवायची विद्या पुढच्या पिढीला दाखवायची कशावर?

आता करारामुळे निदान प्रशिक्षणाचे वर्ग तरी भरणार आहेत. तिथे कोणत्याही जातीच्या मुलामुलींना बसता यावं आणि शिकवणाऱ्या कारागिराला मास्तरासारखा पगार मिळावा. आणि इटलीला जाणाऱ्यांच्या पहिल्या यादीत वेणी घालणाऱ्या बाया किती, हे आधी छापून यावं.