अर्ध्या अंशाचा ताप

मल्टिपल स्क्लेरोसिसच्या (एमएस) काही रुग्णांना श्रम झाले की धुरकट दिसतं आणि विसावा घेतला की नजर पुन्हा साफ होते, हे विल्हेल्म उट्होफ या जर्मन नेत्रतज्ज्ञाने १८९० साली नोंदवलं. खरं कारण श्रमाने वाढलेलं शरीराचं तापमान, हे पुढे कळलं. मग एमआरआय येण्याआधी डॉक्टर संशयित रुग्णाला चक्क गरम पाण्याच्या टबात बसवून लक्षणं उमटतात का ते पाहत. पद्धत आज अघोरी वाटते, पण त्यामागचं निरीक्षण पक्कं होतं.

एमएसमध्ये शरीराची प्रतिकारयंत्रणा मेंदू, मज्जारज्जू आणि डोळ्यांच्या नसांमधल्या तंतूंवरचं मायलिनचं आवरण कुरतडते. उघड्या पडलेल्या तंतूतून संदेश जातो, पण जेमतेम. तापमान चढलं की तंतूवरची सोडियमची दारं लवकर मिटतात, विद्युतप्रवाह तोकडा पडतो आणि संदेश वाटेतच विरतो. त्याला अर्धा अंश सेल्सियसही पुरतो. विदर्भातल्या मे महिन्यात अर्धा अंश चढायला कितीसा वेळ लागणार?

हा आजार बहुधा विशी ते चाळिशीत सुरू होतो, पुरुषांपेक्षा बायकांत अधिक. दुपारच्या उन्हाने कोलमडलेल्या तरुणीला ‘सकाळी तर धडधाकट होतीस!’ हे घरच्यांचं वाक्य म्हणूनच जिव्हारी लागतं. सकाळी ती खरंच ठीक असते.

उन्हाने पाय जड झाले आणि गारव्यात बसल्यावर ते सुटले, तर नवी इजा झालेली नसते. ताप किंवा संसर्ग नसताना नवं लक्षण चोवीस तासांहून अधिक टिकलं, तर मात्र खरा अटॅक समजून न्यूरॉलॉजिस्टला गाठावं. हा भेद महत्त्वाचा, कारण अटॅकसाठी सलाइनमधून स्टेरॉइड देतात. लघवीच्या संसर्गानेही जुनी लक्षणं उसळतात; तिथे आधी उपचार संसर्गावर हवा.

अटॅकची संख्या कमी करणारी औषधं १९९३ पासून आहेत. भारतात स्वस्त पडणारं रिटुक्सिमॅब बरंच वापरलं जातं. उष्णतेवरचे उपाय मात्र घरगुतीच: कढत पाण्याची अंघोळ बंद, मानेवर ओला पंचा, बाहेरची कामं सकाळीच. व्यायाम सोडू नये, पोहणं उत्तम.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात एमएसचा समावेश आहे. पण दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रासाठीची तपासणी एसी खोलीत, सकाळी दहाला झाली, तर त्या व्यक्तीची दुपार कागदावर येणार कशी? डॉक्टरांनी तीही विचारायला हवी.