चेंबरचा तडा आणि लाल दिवा

घाटातला एखादा सुटा दगड, वेशीवरचा रंग उडालेला गतिरोधक, नाहीतर उसाच्या फडातून बाहेर पडताना बांधावर टेकलेलं गाडीचं पोट. इंजिनाखालचा तेलाचा चेंबर फुटायला एवढं पुरतं. तवंदी घाटापासून चोर्ल्याच्या वळणांपर्यंत, निपाणी-बेळगाव पट्ट्यातल्या गॅरेजवाल्यांना हे काम नेहमीचं आहे. फुटलेला चेंबर जोडता येतो. पण डॅशबोर्डवर तेलाचा लाल दिवा लागलेला असताना ‘एवढं पुढच्या गावापर्यंत नेऊ या’ म्हणणाऱ्याचं इंजिन वाचवणं फार कठीण, आणि त्याचं कारण दीडशे वर्षांपूर्वीच्या रेल्वेच्या आसांपर्यंत जातं.

१८८३ साली इंग्लंडमध्ये ब्यूशँप टॉवर हे अभियंते आसाच्या बेअरिंगांवर प्रयोग करत होते. तेल घालण्यासाठी त्यांनी बेअरिंगच्या टोपीला वरून भोक पाडलं, तर आस फिरू लागताच त्या भोकातून तेल उलटं वर येऊ लागलं. त्यांनी बूच मारलं, मग लाकडी खुंटी ठोकली. दोन्ही बाहेर फेकली गेली. शेवटी दाबमापक लावला, तर काटा चौरस इंचाला २०० पौंडांच्या पलीकडे गेला. बेअरिंगवरचा सरासरी भार होता त्याच्या निम्मा. फिरणारा आस स्वतःच तेल अरुंद फटीत ओढतो आणि त्या पाचरीत दाब तयार होतो, हे गणित ऑस्बोर्न रेनॉल्ड्स यांनी १८८६ मध्ये मांडलं. आपल्या गाडीचा क्रँकशाफ्ट असाच, मिलिमीटरच्या काही सहस्रांश जाडीच्या तेलावर तरंगत असतो. ऑइल पंपाचा चौरस सेंटिमीटरला तीन-चार किलोचा दाब शाफ्टला उचलून धरत नाही. त्याचं काम फक्त फटीला तेल पुरवण्याचं. चेंबर रिकामा झाला की पंप हवा ओढतो, तेलाचा थर तुटतो आणि बेअरिंग थोड्याच वेळात शाफ्टला चिकटतं.

आता तड्याकडे वळू. चेंबर खोलून धुतल्यावर आतून रॉकेल लावायचं आणि बाहेरून खडूची भुकटी फासायची, ही जुनी युक्ती आजही चालते. रॉकेल केसाएवढ्या फटीतूनही झिरपतं आणि पांढऱ्या खडूवर काळी रेघ उमटते. डोळ्यांना दिसतो त्यापेक्षा तडा बहुधा लांबच निघतो. मग अनुभवी मिस्त्री ड्रिल हातात घेतो आणि तड्याच्या दोन्ही टोकांना एकेक भोक पाडतो. फुटलेल्या भांड्याला आणखी भोकं, हे बघणाऱ्याला वेडेपणाचं वाटतं. पण केंब्रिजच्या चार्ल्स इंग्लिस यांनी १९१३ मध्ये दाखवून दिलं की तड्याच्या टोकावर येणारा ताण त्या टोकाच्या अणकुचीदारपणावर अवलंबून असतो. चार सेंटिमीटरच्या तड्याचं टोक मिलिमीटरच्या शतांशाएवढ्या त्रिज्येचं धरलं, तर त्यांच्या सूत्राने तिथला ताण नव्वदपट होतो. तिथेच तीन मिलिमीटर व्यासाचं भोक पाडलं की हा आकडा आठ-नऊपटीवर उतरतो. प्रत्यक्षात धातू थोडा वाकून काही ताण सोसून घेतो, पण दिशा हीच. टोक बोथट न करता नुसतं वरून वेल्डिंग केलं, तर तडा वेल्डच्या कडेने पुढे सरकतो.

पुढचं काम धातूप्रमाणे बदलतं. आजच्या बऱ्याच गाड्यांचा चेंबर ॲल्युमिनियमचा असतो. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, पण त्याच्या अंगावरची ऑक्साइडची साय २००० अंशांच्याही वर टिकते. साध्या आर्कने आतला धातू पाणी होऊन गळून जातो आणि साय तशीच राहते. म्हणून आर्गन वेल्डिंग, तेही एसी करंटवर: करंटच्या एका अर्ध्या फेऱ्यात साय फुटते, दुसऱ्या अर्ध्यात धातूत उष्णता जाते आणि आर्गन वायू हवेला दूर ठेवतो. ओतीव ॲल्युमिनियमच्या छिद्रांत वर्षानुवर्षांचं तेल मुरलेलं असतं. भाग आधी तापवून ते बाहेर काढलं नाही तर वेल्ड फेसाळतो. आणि वेल्डिंगनंतर चेंबरचं तोंड वाकडं झालं का, हे सपाट प्लेटवर ठेवून पाहायलाच हवं. माझ्या मते निम्मी गळती तड्यातून नसतेच, ती या न तपासलेल्या तोंडातून असते.

उसाच्या ट्रॉल्या ओढणाऱ्या कित्येक ट्रॅक्टरांचा चेंबर मात्र बिडाचा असतो, आणि तो नुसतं तेलाचं भांडं नसून ट्रॅक्टरच्या सांगाड्याचाच भाग असतो. लिपण लावून तिथे भागत नाही. बीड तापवून झटकन थंड केलं की कार्बन ग्राफाइट न होता लोखंडाशी बांधला जातो आणि काचेसारखा ठिसूळ पट्टा तयार होतो. म्हणून आधी सावकाश तापवायचं, निकेलच्या रॉडने थोडं थोडं वेल्डिंग करायचं आणि मग राखेत किंवा कोरड्या वाळूत पुरून हळूहळू निववायचं. बेळगावला हे ज्ञान उसनं आणावं लागत नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये सायकलचं दुकान काढलं ते याच गावात, पहिले लोखंडी नांगरही इथलेच. १९१० मध्ये त्यांचा कारखाना कुंडलच्या माळावर गेला. बेळगावच्या उद्यमबागेतल्या फाउंड्र्यांमध्ये आजही बीड ओतलं जातं, आणि बीड ‘कधी चिडतं’ हे तिथल्या कारागिरांना रंगावरून कळतं.

चेंबर जोडताना बऱ्याचदा दुसरं काम निघतं. त्याच दगडाने ऑइल प्रेशरचा सेन्सर तुटलेला असतो, किंवा कुणीतरी पाना जास्त आवळल्यामुळे त्याचे आटे गेलेले असतात. मग तिथे नळी जोडून सेन्सर वर, सुरक्षित जागी न्यायचा. लांब नेल्यावर दाब कमी दिसेल ही भीती फुकाची आहे. ही नळी सेन्सरपाशी बंद असते, तिच्यातून तेल वाहत नाही. आणि न वाहणाऱ्या द्रवात दाब सगळीकडे सारखा पोचतो, हे पास्कल यांनी सतराव्या शतकातच सांगितलं आहे. सेन्सर अर्धा मीटर उंच नेला तर फरक पडतो जेमतेम ०.०४ किलोचा. दिवा लावणारा स्विच सहसा ०.३ ते ०.५ किलोच्या आसपास काम करतो. थंडीत तेल घट्ट असताना क्षणभर उशीर होईल, इतकंच. नळी मात्र लवचीक हवी आणि सेन्सर बॉडीला बांधलेला हवा. इंजिनावरच कडक पायपाच्या टोकाला सेन्सर लोंबकळत ठेवला, तर कंपनांनी आट्यांपाशीच नवा तडा जातो.

धोका वायरिंगमध्ये आहे. जुन्या पद्धतीच्या स्विचला एकच वायर असते. परतीचा रस्ता म्हणजे त्याचं धातूचं अंग आणि इंजिन ब्लॉक. तो रबरी नळीवर नेऊन रंगवलेल्या पट्टीवर बसवला की अर्थिंग तुटतं. त्यानंतर दाब शून्य झाला तरी दिवा लागणारच नाही, आणि मालक म्हणेल, काम झकास झालं! तीन वायरींच्या सेन्सरला स्वतःची अर्थ वायर असल्याने ही अडचण येत नाही. एका वायरीच्या स्विचला मात्र अंगापासून ब्लॉकपर्यंत वेगळी तार ओढावीच लागते. टेफ्लॉन टेपही पहिले एक-दोन आटे सोडून गुंडाळायची, नाहीतर तिचे तुकडे तेलाच्या बारीक वाटांत जाऊन बसतात.

असा स्विच असलेल्या गाडीची तपासणी सोपी आहे. इंजिन बंद ठेवून चावी फिरवली की लाल दिवा लागला पाहिजे आणि इंजिन सुरू झाल्यावर काही सेकंदांत विझला पाहिजे. चावी फिरवूनही तो लागलाच नाही, तर गाडी गॅरेजबाहेर काढू नये. मिस्त्रीला आधी बल्ब आणि मग अर्थची तार बघायला सांगावी.