तांबडा लिटमस आणि मुदत ठेव

विज्ञानाच्या तासाला एक साधा प्रयोग करून पाहावा. दोन परीक्षानळ्या घ्याव्यात. एकीत लिंबाचा रस आणि दुसरीत पाणी घालून दोन्हींत तांबड्या लिटमसची पट्टी बुडवावी. पट्टी दोन्हींत तांबडीच राहते. मग मुलांना विचारावे, ‘आम्ल कोणत्या नळीत आहे?’ काही मुले अंदाज करतील. पण एखादी मुलगी नक्की म्हणेल, ‘सर, या पट्टीवरून सांगताच येणार नाही. निळी पट्टी द्या.’

प्रयोग दोन मिनिटांचा, पण त्यातला धडा मोठा आहे. दोन भिन्न परिस्थितींत जो पुरावा सारखाच दिसतो, तो त्या दोहोंतला फरक दाखवू शकत नाही. वर्गात आपण हे सहज मान्य करतो. पैशाच्या व्यवहारात मात्र विसरतो. बीड जिल्ह्याने या विसराची मोठी किंमत मोजली आहे.

ज्ञानराधा मल्टीस्टेट को-ऑपरेटिव्ह क्रेडिट सोसायटी ही बीडची संस्था. ठेवींवर १२ ते १४ टक्के व्याज, म्हणजे बँकेपेक्षा बरेच जास्त. संस्था चालवणाऱ्या कुटे उद्योगसमूहाचे ‘तिरुमला’ तेल लोकांच्या ओळखीचे. स्वयंपाकघरातल्या ओळखीचा विश्वास ठेवींपर्यंत पोचायला वेळ लागत नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये प्राप्तिकर खात्याने या समूहावर छापे घातले. ठेवीदारांनी पैसे परत मागायला गर्दी केली आणि पुढे शाखांतून पैसे मिळेनासे झाले. २०२४ मध्ये गुन्हे दाखल झाले, संस्थेच्या प्रमुखांना अटक झाली. सुमारे २,४६७ कोटी रुपये कर्जाच्या नावाखाली याच समूहाच्या कंपन्यांकडे गेले, असे सक्तवसुली संचालनालयाचे म्हणणे आहे. दोष कोणाचा आणि किती, हे न्यायालय ठरवील. आपला प्रश्न वेगळा आहे. लाखो शहाण्यासुरत्या माणसांनी विश्वास कशाच्या आधारावर ठेवला?

बहुतेक ठेवीदार एकच उत्तर देतात : ‘व्याज वेळेवर मिळत होते हो!’

हे उत्तर आपण तपासून पाहू. समजा, एका काल्पनिक संस्थेने १ कोटी रुपयांच्या ठेवी जमवल्या आणि १३ टक्के व्याज कबूल केले. ठेवींचा सगळा पैसा अशा ठिकाणी अडकला, की त्यातून एक रुपयाही परत येत नाही. वर्षाअखेर १३ लाख रुपये व्याज द्यायचे आहे. संस्था १३ लाखांच्या नव्या ठेवी घेते आणि त्यातून ते देते. आता ठेवी झाल्या १ कोटी १३ लाख. पुढच्या वर्षी व्याज १४ लाख ६९ हजार. तेही नव्या ठेवींतून. असे चालू राहिले तर सहा वर्षांनी ठेवींचा आकडा सुमारे २ कोटी ८ लाख होतो. या सहा वर्षांत एकाही ठेवीदाराचे व्याज एक दिवसही चुकलेले नाही, आणि संस्था मात्र पहिल्याच वर्षी बुडालेली आहे!

म्हणजे वेळेवर मिळणारे व्याज हा तांबडा लिटमस झाला. सुदृढ संस्था व्याज वेळेवर देते आणि पोकळ संस्थाही, नवा पैसा येत असेतोवर, ते वेळेवरच देते. बॉस्टनच्या चार्ल्स पाँझीने १९२० साली ४५ दिवसांत ५० टक्के नफा देण्याचे आश्वासन दिले, तेव्हा पहिल्या लोकांना त्याने खरोखरच पैसे दिले होते. तेच लोक त्याची चालतीबोलती जाहिरात झाले.

दुसरे उत्तर असे : ‘आमच्या गल्लीतले सगळेच तिथे ठेवत होते.’ येथे मोजमापाचा एक नियम आठवावा. दहा जणांनी स्वतंत्रपणे मोजले तर दहा मापांना वजन असते. पण दहा घरांतली घड्याळे गिरणीच्या एकाच भोंग्यावर लावलेली असतील, तर ती एकच वेळ दाखवतात म्हणून वेळ बरोबर ठरत नाही. भोंगा चुकला तर दहाही चुकतात. साडू मेहुण्याकडे पाहून ठेव ठेवतो आणि मेहुणा मुख्याध्यापकांकडे पाहून. सगळ्या साखळीत प्रत्यक्ष ताळेबंद पाहिलेला कोणीच नसतो.

मग निळी पट्टी कोणती? ज्या प्रश्नांची उत्तरे सुदृढ आणि पोकळ संस्थेत वेगवेगळी येतील, ते प्रश्न. ही बँक आहे की सोसायटी? बँकेतल्या ठेवींना ५ लाख रुपयांपर्यंत विमा असतो (फेब्रुवारी २०२० पूर्वी ही मर्यादा १ लाख होती). पतसंस्था आणि मल्टीस्टेट सोसायट्यांच्या ठेवींना तो नसतो. ठेवींचा पैसा कर्जाऊ कोणाला दिला? संचालकांच्याच उद्योगांना तर नाही? आणि १३ टक्के व्याज देण्यासाठी संस्थेला कर्जावर त्याहून जास्त दर लावावा लागणार. तर इतक्या महाग दराने कर्ज घेणारा कोण, आणि तो बँकेकडे का गेला नाही?

हे प्रश्न अवघड नाहीत. आठवीच्या मुलाला समजतील असे आहेत. तरी ते विचारले जात नाहीत, कारण अडचण बुद्धीची नसून नात्याची असते. स्वतःचीच गोष्ट सांगतो. काही वर्षांपूर्वी अंबाजोगाईला एका लग्नात आमच्या मावसभावाने सांगितले, की निवृत्तीची सगळी रक्कम त्याने एका पतसंस्थेत ठेवली आहे. व्याजाचा दर ऐकताच आमच्या मनात आकडेमोड सुरू झाली. परंतु ठेवी गोळा करणारा त्याचा सख्खा भाचा समोरच पंगतीत वाढत होता. आम्ही जिलेबी वाढून घेतली आणि गप्प बसलो. दुसऱ्यांचे शोधनिबंध तपासताना ‘याला पुरावा काय?’ असे समासात बेधडक लिहिणारे आम्ही, तेथे भिडेला बळी पडलो. भीड भिकेची बहीण, असे आपल्याकडे म्हणतात ते उगीच नाही. पुढे ती संस्था अडचणीत आली. रक्कम अडकलीच, शिवाय मामा-भाच्यांचे बोलणेही बंद झाले. खरे तर भाच्याने फसवले नव्हते; त्याच्या आईचेही पैसे तिथेच होते.

शंका विचारली तर नाते दुखावेल म्हणून आपण गप्प बसतो, आणि त्या गप्प बसण्यानेच नाते तुटते. यावर विज्ञानाकडे एक उपाय आहे. विज्ञानात तपासणी सर्वांची होते, थोरामोठ्यांचीही. म्हणून तिचा कोणाला अपमान वाटत नाही. घरातही असाच नियम करावा. अमुक रकमेच्या वरचा व्यवहार, मग तो भावाशी असो की परक्याशी, लेखी करायचा. कागद नवरा-बायको दोघांनी वाचायचे. ज्याला त्यातून काही मिळणार नाही अशा तिसऱ्या माणसाला दाखवायचे आणि आठ दिवस थांबायचे. मग भाच्याला ‘तुझ्यावर विश्वास नाही’ असे म्हणावे लागत नाही. ‘आमच्या घरचा नियम आहे’ एवढे पुरते.

याचा अर्थ उठल्यासुटल्या संशय घ्यावा असा नाही. पेरलेले बी उगवले का, हे रोज उकरून पाहणाऱ्याचे बी कधी उगवत नाही. माणसांचेही तसेच आहे. कोथिंबिरीच्या जुडीला जेवढी चौकशी पुरते तेवढी निवृत्तीच्या रकमेला पुरत नाही, इतकेच. चूक झाली तर नुकसान किती, यावरून शंकेचे माप ठरवावे. संशयी माणूस निष्कर्ष आधी काढतो. चिकित्सक माणूस प्रश्न आधी विचारतो आणि उत्तर पटले की मोकळ्या मनाने विश्वास ठेवतो.

लिटमसच्या प्रयोगानंतर मुलांना एक गृहपाठ द्यावा. घरातली एखादी ठेव पावती पालकांच्या परवानगीने पाहायची, नाव आणि रक्कम झाकून. वहीत तीनच गोष्टी लिहायच्या : पावतीवर ‘बँक’ लिहिले आहे की ‘सोसायटी’, व्याजाचा दर किती, आणि हा पैसा पुढे कोणाकडे जातो याची घरात कोणाला माहिती आहे का. तिसऱ्या प्रश्नापुढची जागा पुष्कळ वह्यांत कोरी राहील. त्या कोऱ्या जागेविषयी त्या संध्याकाळी घरोघर बोलणे झाले, तरी तासाचे काम झाले.