नाव आधी, माणूस मागाहून

बारशाला आत्या कानात ‘कुर्र’ करून नाव सांगते तेव्हा बाळ अवघं बारा दिवसांचं असतं. ते शांत निघेल की आग्यावेताळ, हे ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही. तरी आपण शंतनू ठेवतो, तेजस्विनी ठेवतो आणि मोकळे होतो. मी पस्तीस वर्षं शाळेत हजेरी घेतली. या पैजेचा निकाल मला रोज पहिल्या तासाला कळायचा. शंतनू खिडकीवर चढलेला असायचा आणि तेजस्विनीचं ‘हजर’ पुढच्या बाकापर्यंतही पोचायचं नाही.

एका वर्गात तीन अमित आले की पोरंच तोडगा काढत. एक लंबू, एक ढापण्या आणि तिसरा नुसता ‘गणित’. ही नावं कुणी पंचांगातलं अक्षर काढून ठेवलेली नव्हती, पण माणूस बघून ठेवलेली होती. मोठी माणसं तरी वेगळं काय करतात? १८७६ साली जन्मलेले डेबूजी झिंगराजी जाणोरकर म्हटलं तर कितीजणांना ओळख पटेल? हातातल्या गाडग्यामुळे लोकांनी त्यांना गाडगेबाबा केलं. आईचा ‘विन्या’ गांधीजींच्या आश्रमात विनोबा झाला.

मूल जगत नसलं की पुढच्याचं नाव धोंडू, दगडू किंवा केरू ठेवायचे, म्हणजे नजर लागू नये. नाव ओबडधोबड, पण त्यामागे धास्तावलेली माया असे. महर्षी धोंडो केशव कर्वे १८५८ साली जन्मले आणि १९६२ साली गेले. एकशे चार वर्षं! टीका झेलत विधवांसाठी आणि स्त्रीशिक्षणासाठी उभा राहिलेला हा माणूस पाहिला की वाटतं, इतकं अंगाला बसलेलं नाव दुसरं नसेल.

मुलींच्या वाट्याला मात्र मायेशिवायचीही नावं आली. माझी पहिली नेमणूक सातारा जिल्ह्यात माण तालुक्यात होती. तिथे सहावीत एक नकुसा होती. चौथी मुलगी, म्हणून ‘नको’. वाचायला चुणचुणीत, पाढे तोंडपाठ. पण हजेरीला मान खाली. एकदा मधल्या सुट्टीत जवळ येऊन म्हणाली, ‘‘बाई, मला सत्तावीस म्हणा.’’ तिचा हजेरी क्रमांक सत्तावीस होता. मी वर्षभर सत्तावीस म्हटलं. आकडा नावापेक्षा बरा वाटावा, याहून जास्त काय सांगायचं?

म्हणून ऑक्टोबर २०११ मधली बातमी मी दोनदा वाचली. याच सातारा जिल्ह्यात एका समारंभात २८५ नकोशींना नवी नावं आणि तशी प्रमाणपत्रं देण्यात आली. कित्येकींनी आपलं नाव आपणच निवडलं होतं.

बाईचं नाव दुसऱ्यांदा ठेवायची रीत आपल्याकडे जुनीच, फक्त तिला विचारायची रीत नव्हती. ताटातल्या तांदळात अंगठीनं नवं नाव लिहिलं की काम झालं. यमुना कुर्लेकर रमाबाई रानडे झाल्या, तेव्हा त्या अकरा वर्षांच्या होत्या. दुसरी यमुना नवव्या वर्षी आनंदी झाली आणि पुढे डॉक्टर आनंदीबाई जोशी. दोघींनी ती नावं मोठी केली हे खरं. पण यमुना हे नाव काय वाईट होतं, हे मला अजून कळलेलं नाही.

आता आईबाप महिनोन् महिने पुस्तकं चाळतात. कुणाकडे नसलेलं नाव हवं असतं, मग उच्चार करताना आजीची कवळी निसटली तरी चालेल. मला कुणी विचारलं तर मी सांगते, घाई करू नका. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याखाली जन्माची नोंद लगेच करावी लागते. पण नाव वर्षाच्या आत विनाशुल्क आणि त्यानंतर शुल्क भरून पंधरा वर्षांपर्यंत नोंदवता येतं. तेवढ्यात बाळ रांगतं, हट्ट करतं, कशाला हसतं ते दिसतं. अर्थ जरूर पाहा. पण पन्नास पोरांच्या वर्गात ते नाव मूल मान वर करून सांगेल का, हेही पाहा. आणि पुढे कधी पोरगी म्हणाली की मला हे नाव नको, तर रागावण्याआधी तिला कोणतं हवं आहे ते विचारा.