बाप्तिस्मा-कुंडावरील पांढरा थर

कुंडातील पाणी आटते, पण त्यातील चुना मागे राहून काठावर पांढरा, कठीण थर धरतो. तो काढण्यापूर्वी पवित्र पाणी स्वच्छ जमिनीत ओतावे. चिनी मातीच्या फरशा असल्यास पाणी मिसळलेल्या व्हिनेगरचे फडके थरावर काही वेळ ठेवावे, मग मऊ ब्रशाने घासून धुवावे. संगमरवरास मात्र व्हिनेगर वा लिंबू मुळीच लावू नये. थर आणि संगमरवर ही दोन्ही कॅल्शियम कार्बोनेटचीच रूपे; आम्ल थराबरोबर दगडही खाते. तेथे ओले फडके, लाकडी पट्टी आणि धीर हीच साधने. आम्ल व ब्लीचिंग पावडर कधीही एकत्र करू नये. त्यांतून विषारी क्लोरीन वायू निघतो. ज्या कुंडात आजोबांचा बाप्तिस्मा झाला, त्यातच नातवंडांचाही व्हावा, एवढ्यासाठी ही काळजी.