पुलेट म्हणजे आपली तलंग

वसंत ऋतू आला की ईडन प्रेरीच्या आसपास, शेतीचं सामान विकणाऱ्या दुकानांत लाल दिव्याखाली पिल्लांचे टब मांडतात. मुलं हट्ट करतात आणि तुम्ही चार पिल्लं घरी आणता. तसं करणार असाल तर आधी टबावरची पाटी नीट वाचा.

पाटीवर 'पुलेट' असेल तर ती माद्यांची पिल्लं. 'स्ट्रेट रन' असेल तर निवड न केलेली, म्हणजे साधारण निम्मे नर. आम्ही स्वस्त पडतात म्हणून दुसऱ्या टबातली घेतली. चौदाव्या आठवड्यात आमच्या लेकीच्या लाडक्या 'लक्ष्मी'ने पहाटे पाचला बांग दिली! इथल्या बऱ्याच उपनगरांत परसात कोंबड्या चालतात, कोंबडा चालत नाही. तुमच्या शहराचा नियम पिल्लं आणायच्या आधी बघा, आमच्यासारखा नंतर नको.

इंग्रजीत वर्षाच्या आतली मादी पुलेट, नर कॉकरेल. वर्ष उलटलं की हेन आणि रूस्टर. पुलेटला मराठीत छान शब्द आहे: तलंग. अजून अंडं न घातलेली तरुण कोंबडी. महाराष्ट्राच्या पशुसंवर्धन खात्याच्या योजनेत आठ-दहा आठवड्यांच्या पक्ष्यांचा 'तलंगा गट' असतो, २५ माद्या आणि ३ नर. म्हणजे सरकारदरबारी नरसुद्धा तलंगांत मोजले जातात! पण वय बघा. तोवर नराचा तुरा लाल आणि मोठा दिसू लागतो, म्हणून २५ आणि ३ असं मोजून देता येतं. एक दिवसाच्या पिल्लात हे सोपं नाही.

तिथे शेपटीखाली बारकाईने बघून नर-मादी ओळखणारे तरबेज लोक लागतात. ही पद्धत जपानी शास्त्रज्ञांनी १९२०च्या दशकात विकसित केली. तेही कधीतरी चुकतात, म्हणून पुलेटच्या टबातही एखादा कोंबडा निघतो.

एक युक्ती मात्र मला फार आवडते. माणसात बाळाचं लिंग वडिलांच्या गुणसूत्रावर ठरतं, कोंबड्यांत आईच्या. नराकडे दोन झेड गुणसूत्रं, मादीकडे एक झेड आणि एक डब्ल्यू. आई आपलं झेड फक्त मुलग्यांना देते. आता पिसांवर आडवे पट्टे आणणारं जनुक असतं याच झेडवर. पट्टेरी प्लिमथ रॉक कोंबडी आणि ऱ्होड आयलंड रेड कोंबडा यांची जोडी लावली, तर पट्ट्याचं जनुक मुलग्यांनाच मिळतं. त्यांच्या काळ्या डोक्यावर जन्मतःच पांढरा ठिपका असतो, मुलींच्या डोक्यावर नसतो. शेपटीखाली बघायलाच नको! अशा पिल्लांना 'ब्लॅक सेक्स लिंक' म्हणतात. मात्र त्यांची आपसांत जोडी लावली तर पुढच्या पिढीत ही खूण भरवशाची राहत नाही.

आमच्या उरलेल्या तिघी तलंगा निघाल्या. विसाव्या आठवड्यानंतर पहिलं अंडं मिळालं, लिंबाएवढं. पुढच्या उन्हाळ्यात एक खुडूक झाली. अंडी घालणं बंद, खोक्यातून हलायचं नाही, हात लावला की टोच. इंग्रजीत तिला 'ब्रूडी' म्हणतात, पण आजीच्या तोंडचा 'खुडूक' तिला जास्त शोभतो.

लक्ष्मीला आम्ही एका शेतकऱ्याला दिलं. त्याने फोनवर पहिला प्रश्न विचारला तो हाच: "कॉकरेल की रूस्टर?" लेकीने रडवेल्या आवाजात उत्तर दिलं, "कॉकरेल. नाव लक्ष्मी."